भरून घेतलेल्या कॅसेटी

माझ्यासमोर आहे ती नव्वद मिनिटांची, घरी भरलेली एक कॅसेट आहे. डबीतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने गाण्यांची यादी लिहिली आहे. ‘अ’ बाजूला बारा गाणी आहेत आणि ‘ब’ बाजूला अकरा. सातव्या गाण्याचे नाव खोडून त्याच्या डोक्यावर दुसरे नाव बारीक अक्षरात बसवले आहे, आणि दोन्ही बाजूंच्या शेवटच्या गाण्यापुढे कंसात ‘अर्धे’ अशी नोंद आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. त्यांपैकी एक मोडला की त्या बाजूवर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नाही, कारण यंत्रातली एक तरफ त्या तुकड्याला टेकली तरच रेकॉर्डचे बटण खाली बसते. या कॅसेटचे दोन्ही तुकडे मोडलेले आहेत, पण ‘ब’ बाजूच्या खाचेवर नंतर चिकटपट्टी लावलेली दिसते. ‘अ’ बाजू मालकाने कायमची राखून ठेवली होती आणि ‘ब’ बाजूबद्दलचा त्याचा विचार पुढे कधीतरी बदलला होता, एवढे त्या चिकटपट्टीवरून कळते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशा कॅसेटी महाराष्ट्रातल्या घराघरांत तयार होत होत्या. कंपन्यांनी काढलेल्या कॅसेटींचे क्रमांक, वर्षे आणि कलाकारांची नावे संग्राहकांनी जपली आहेत. घरी भरलेल्या कॅसेटी मात्र कोणत्याही सूचीत नाहीत, कारण त्यांतली प्रत्येक कॅसेट आपल्या जातीची एकुलती एक होती.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट प्रथम मांडली. लू ऑटेन्स या डच अभियंत्याच्या गटाने ती तयार केली होती. तिची टेप चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद होती आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या मंद गतीने सरकत असे. त्यामुळे आरंभी ती मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी योग्य मानली गेली. संगीताला पुरेशी होण्याइतकी तिची गुणवत्ता पुढच्या काही वर्षांत वाढली. तबकडी विकत घेणाऱ्याला ती फक्त ऐकता येत होती, आणि कॅसेटवर मात्र कोणालाही स्वतः काहीतरी भरता येत होते. आपल्याकडच्या श्रोत्यांनी या सोयीचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

सुरुवातीला गाणी रेडिओवरून घेतली जात. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत असलेला टू-इन-वन घरात आला, बहुधा आखातात नोकरी करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या सामानातून आला, की तारा जोडण्याची गरज उरत नसे. गाणे लागताच प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणे एकदम दाबायची, एवढेच काम असे. तरीही ते सोपे नव्हते. विविध भारतीच्या फर्माईशींच्या कार्यक्रमात किंवा आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये पुढचे गाणे कोणते हे निवेदकाने सांगेपर्यंत कळत नसे, आणि एकदा सांगितल्यावर फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचून होईपर्यंत हाताशी काही सेकंदच असत. कोऱ्या कॅसेटच्या आरंभी चुंबकीय लेप नसलेली थोडी फीत असते. ती आधीच पेन्सिलीने गुंडाळून खरी तपकिरी टेप तोंडाशी आणून ठेवली नाही, तर गाण्याचा पहिला शब्द हमखास जाई. कॅसेटच्या चक्राला आतून सहा दात असतात आणि षट्कोनी पेन्सिल त्यांत नेमकी बसते, हे त्या काळातल्या शाळकरी मुलांना कोणी शिकवावे लागले नाही.

रेडिओवरून भरलेल्या गाण्याच्या आधी निवेदकाच्या वाक्याचे शेपूट सापडते, फर्माईशींसाठी गाजलेल्या झुमरीतलैया गावच्या श्रोत्यांची नावे सापडतात, क्वचित वेळ सांगणारा आवाजही सापडतो. रेडिओ सिलोनवरून दर बुधवारी रात्री अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ भरून घेणाऱ्यांच्या कॅसेटींत लघुलहरींचे चढउतार जसेच्या तसे उतरले आहेत. सूर मधेच लांब जातो, खरखर वर येते, आणि दुसऱ्या कडव्याला गायिका पुन्हा जवळ येते. त्या पिढीतल्या अनेकांच्या कानांत ती गाणी त्या चढउतारांसकट बसलेली आहेत. तेच गाणे आज स्वच्छ ऐकताना त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते, आणि यात मला काहीही नवल वाटत नाही.

एका टेपवरून दुसऱ्या टेपवर गाणे घ्यायचे, पण जोडायची तार नाही, अशी अडचण असेल तर दोन यंत्रे समोरासमोर ठेवून दुसऱ्याच्या अंगच्याच माइकने ध्वनिमुद्रण केले जाई. घरात सर्वांना गप्प बसायला सांगितलेले असे. तरीही कुकरची शिट्टी, दाराची कडी, रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याची हाक यांतले काही ना काही त्या गाण्यात शिरतच असे. अशा छोट्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी एक व्यवस्था असते. गाणे मोठ्याने चालू असते तेव्हा ती माइक दाबून धरते, आणि गाणे संपून शांतता झाली की शांततेतही काही ऐकू यावे म्हणून माइकची संवेदनक्षमता वाढवत नेते. म्हणून अशा कॅसेटींत दोन गाण्यांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत छताच्या पंख्याचा आवाज हळूहळू वर येतो, पाठोपाठ कोणाचे तरी ‘झालं का?’ हे कुजबुजणे ऐकू येते, आणि मग टक् असा आवाज होऊन सारे थांबते. त्या खोलीचे दुसरे ध्वनिमुद्रण जगात कोठेही नाही.

ज्यांना चांगल्या प्रतीची कॅसेट हवी असे ते दुकान गाठत. ‘येथे कॅसेट भरून मिळतील’ अशा पाट्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही दिसत. दुकानदाराजवळ एलपींचा साठा, एक बरा टर्नटेबल आणि दोन-तीन कॅसेट डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारी आणि भरणारी यंत्रे, असत. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी देऊन यायचे आणि काही दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, असा हा व्यवहार होता. यादी करण्यात खरी कसोटी लागे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांपेक्षा फार काही मावत नसल्यामुळे जुनी गाणी तेवढ्याच लांबीची असत, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तशी नऊ गाणी बसत. यादीत एखादी गझल घातली की दोन गाण्यांवर पाणी सोडावे लागे. सुधीर फडके यांच्या भावगीतानंतर लगेच किशोरकुमार चालेल का, लताबाईंची तीन गाणी सलग ठेवावीत की विखरून, बालगंधर्वांचे पद पहिले ठेवावे की शेवटचे, असे प्रश्न घरातली माणसे वाद घालून सोडवत असत. यादीच्या तळाला ‘जागा उरल्यास’ असा मथळा देऊन आणखी दोन-तीन गाणी लिहिण्याची पद्धत होती, आणि कोणती गाणी त्या मथळ्याखाली गेली यावरून त्या घरातल्या मतभेदांचा निकालही कळे.

या दुकानांचा धंदा कायद्याला धरून नव्हता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती करून ध्वनिमुद्रणांच्या आणि चित्रफितींच्या चोरट्या नकलांसाठीच्या शिक्षा कडक करण्यात आल्या, त्यामागे अशा नकलांमुळे निर्मात्यांचे होणारे नुकसान हेच कारण होते. गायक, संगीतकार आणि कवी यांना त्या यादीतून एक पैसाही मिळत नव्हता. पण श्रोत्याचीही एक बाजू होती. कंपन्या बहुतेक चित्रपटागणिक तबकड्या काढत आणि श्रोत्याला एका चित्रपटातले एकच गाणे हवे असे. शिवाय चाळीस-पन्नासच्या दशकांतली कित्येक मराठी गाणी त्या काळी विकत मिळतच नव्हती. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेटच्या किमती खाली आणल्यावर विकतच्या कॅसेटी सर्वांच्या आवाक्यात आल्या, तरी स्वतःच्या निवडीची कॅसेट भरून घेण्याची हौस ओसरली नाही.

भरून घेतलेली कॅसेट भेट देण्याचीही रीत होती. लग्न होऊन परगावी जाणाऱ्या मैत्रिणीला, वसतिगृहात राहायला निघालेल्या धाकट्या भावाला, आणि जिच्याशी चार वाक्येही धड बोलता आलेली नाहीत अशा वर्गातल्या मुलीला ती दिली जाई. या शेवटच्या प्रकारात कार्डावर देणाऱ्याचे नाव नसे आणि अक्षर मुद्दाम वळणदार काढलेले असे. पत्र घरच्यांच्या हाती लागले असते तर अनर्थ झाला असता. गाण्यांची यादी मात्र उघड्यावर पडली तरी कोणाला काही सिद्ध करता येत नव्हते.

या सगळ्यापेक्षा मोलाचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, असा एक प्रकार आहे, तो म्हणजे खासगी मैफलींच्या कॅसेटी. पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर, धारवाड या गावांत रसिकांच्या दिवाणखान्यांत झालेल्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण यजमानाच्या किंवा एखाद्या शिष्याच्या टेपरेकॉर्डरवर होत असे. कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर हे दोघेही १९९२ मध्ये गेले. कंपन्यांनी काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका हाताशी आहेतच, पण मन्सूरांनी एखादा अनवट राग निवांतपणे कसा मांडला किंवा कुमारांनी बंदिशीबद्दल गाता गाता काय सांगितले, हे पुष्कळदा या घरगुती कॅसेटींतूनच कळते. त्यांच्या कार्डांवर राग, ताल, तारीख, कोणाच्या घरी गाणे झाले, तबल्याला आणि पेटीला कोण होते, हे सारे बारकाईने लिहिलेले असे. पंचेचाळीस मिनिटे झाली की बाजू संपे, आणि कॅसेट पालटून पुन्हा बटण दाबेपर्यंत गायलेली तान कायमची जाई. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती निघत गेल्या आणि प्रत्येक पिढीगणिक टेपची सरसर वाढत गेली, तरी तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरूनही रियाज करणारे विद्यार्थी होते. गुरूकडे मिळालेली तालीम कॅसेटवर भरून घरी ती शंभरदा ऐकणे हा शिक्षणाचाच भाग होऊन बसला होता.

मैफलींखेरीज माणसांचे साधे आवाजही या कॅसेटींवर आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाचा सराव, बाळाचे बोबडे बोल, आणि परदेशी असलेल्या मुलासाठी घरातल्या प्रत्येकाने दोन-दोन मिनिटे बोलून भरलेली पत्रे अशा कॅसेटींवर सापडतात. परदेशी फोन महाग होता आणि लिहिता न येणाऱ्या आईला कॅसेटवर बोलता येत होते. अशा पत्राचे उत्तर अनेकदा त्याच कॅसेटवर येई, म्हणजे जुने बोलणे पुसून त्यावर नवे भरले जाई. त्यामुळे या प्रकारातल्या कॅसेटी सर्वांत कमी उरल्या आहेत.

आज ज्या उरल्या आहेत त्यांची स्थिती फारशी बरी नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या ओलीमुळे टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी धरते. टेपला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणाऱ्या नमद्याच्या छोट्या गादीचा गोंद वाळतो आणि ती गळून पडते, मग आवाज दबका आणि कापरा येतो. आरंभीची फीत टेपला जिथे जोडलेली असते तो सांधा सुटतो. यांतले बहुतेक दोष दुरुस्त होतात. पाच स्क्रूंनी जोडलेले कवच उघडता येते, कवच चिकटवलेले असेल तर टेप दुसऱ्या कवचात घालता येते, आणि गादी एखाद्या निकामी कॅसेटमधून काढून बसवता येते. अडचण आहे ती यंत्रांची. सोनी कंपनीने जपानमधले कॅसेट वॉकमनचे उत्पादन २०१० मध्ये थांबवले, चांगले डेक दुर्मिळ झाले आणि ते दुरुस्त करणारे कारागीर वयस्क झाले आहेत.

कॅसेट संगणकावर घेताना घाई चालत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात. आधी ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, कारण ती हेडला लागून पुढच्या कॅसेटींवर जाते. ते काम जाणकाराकडेच द्यावे. हेड स्पिरिटने पुसून घ्यावे, आणि आवाज बोदा येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून तो उघडा होतो का ते पाहावे. पहिली प्रत कोणतीही काटछाट न करता, खरखर, निवेदकाचे शेपूट आणि दोन गाण्यांमधला पंखा यांसह ठेवावी. आवाज स्वच्छ करायचा असेल तर तो दुसऱ्या प्रतीवर करावा. गाणी सुटी करून त्यांचा क्रम मोडू नये, कारण त्यांतले जवळजवळ प्रत्येक गाणे आज कोठे ना कोठे मिळते आणि तो क्रम मात्र दुसरीकडे मिळणार नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून त्याच प्रतीबरोबर ठेवावे. हे काम पावसाळा सुरू होण्याआधी करावे, आणि कॅसेट वाजत असताना घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून, पेटीवर कोण आहे, मधेच हसले कोण, मागे रडणारे मूल कोणाचे, हे त्यांच्याकडून तेव्हाच्या तेव्हा लिहून घ्यावे.