पहाटे चारचा भोंगा

[अंधार. चिमणी, वाफ. भोंगा पूर्ण वाजू द्यावा, मग निवेदन.]

पहाटेचे चार. पाळी बदलली. गव्हाणीवर, म्हणजे मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस पडतोच आहे, बदलली ती फक्त माणसं.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच साखर कारखान्यांत दिवसाचे तुकडे असे पडतात: 4 ते 12, 12 ते 8, 8 ते 4. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की हंगाम संपेपर्यंत मिल थांबते ती सफाईला, बिघाडाला किंवा उसाचा पुरवठा तुटला तर. थांबवणं परवडतच नाही. तोडलेला ऊस तळावर राहिला की त्यातली साखर मोडायला लागते, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो. काढलेला रस तर आणखी लवकर नासतो. त्यामुळे कायद्यातल्या पाळ्यांच्या सवलतींत अखंड चालणारे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर रात्रीची माणसंही आली.

[केन कॅरिअर, श्रेडर, मिल. आवाज मूळचाच ठेवावा.]

ऊस कटरमधून श्रेडरमध्ये, तिथून मिलच्या रोलरखाली. च्यूटमध्ये, म्हणजे मिलच्या घसरणीत, चोथा अडकला की चोक होतो. चोक काढताना नियम एकच आहे: मोटर बंद, आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) खाली, त्याला कुलूप आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. रात्री अडीचला मागून गाड्यांची रांग लागलेली असते आणि खात्याकडून 'किती वेळ?' असा फोन येत असतो. तेव्हा कुलपाचा टप्पा गळतो. बोटं जातात ती बहुतेक अशा वेळी, मिल पूर्ण वेगात असताना नव्हे.

[पॅन स्टेशन. काचपट्टीचा क्लोज-अप.]

हा पॅनमन, साखरेचे दाणे पाडणारा. पॅनमधला रस निर्वात दाबाखाली 60-65 अंशांवर उकळतो आहे. प्रूफ स्टिकने तो थोडा नमुना काढतो, काचपट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो. दाणे सारखे हवेत, मधे धूळ नको. फीड (नवा रस) द्यायला थोडा उशीर झाला, घट्टपणा हद्दीपुढे गेला, की मूळ दाण्यांमध्ये बारीक नवे दाणे फुटतात. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. मग पाणी देऊन ते विरघळवायचे, वाफ आणि वेळ दोन्ही वाया. हे ठरतं काही मिनिटांत आणि डोळ्यांनी. पॅनमन जागा असणं हा इथे उत्पादनाचाच भाग आहे. सेन्सर बसवलेल्या ठिकाणीही काचपट्टी सुटलेली नाही.

[बॉयलर, गेज ग्लास. मग टाइम ऑफिसची भिंत: पाळीचा तक्ता.]

आता या तक्त्याकडे नीट पाहा. तीन गट: अ, ब, क. पाळी साधारण आठवड्याने फिरते. फिरवायचे दोन मार्ग आहेत.

सरळ फिरवली, म्हणजे 4 ते 12 वाल्याला 12 ते 8 आणि 12 ते 8 वाल्याला 8 ते 4 दिली, तर दोन गटांना 24 तासांची विश्रांती मिळते. पण 8 ते 4 संपवून पहाटे चारला सुटलेल्या गटाची पुढची पाळी त्याच क्षणी, 4 ते 12, सुरू होते. म्हणजे सलग 16 तास. हे टाळायचं तर त्या एका पाळीपुरता पूर्ण रिलिव्हर, म्हणजे बदली, गट लागतो.

उलटी फिरवली तर रिलिव्हर लागत नाही. 12 ते 8 संपवून रात्री आठला सुटलेला माणूस पहाटे चारला पुन्हा गेटवर हजर होतो. 8 ते 4 वाला पहाटे चारला सुटतो आणि दुपारी बाराला पुन्हा हजर. मधे आठच तास. त्यातून जाणं-येणं, जेवण, अंघोळ वजा करा. तिसऱ्या गटाला मात्र 32 तास मिळतात, त्यामुळे कागदावर सरासरी छान दिसते. उलटं चक्र टाइम ऑफिसला का आवडतं ते यात आलं. झोपेचा अभ्यास करणारे लोक सरळ चक्राचीच शिफारस करतात, कारण शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. त्या एका पाळीच्या रिलिव्हरचा पगार कोणी द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. तो फार मोठा खर्च नाही.

[पंख्याखाली दुपारी झोपलेला कामगार. खिडकीला चादर. बाहेर मुलांचा आवाज.]

दिवसा जागणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं. भोंगा नेमका तेव्हाच वाजतो. रात्रपाळीत हे घड्याळ आठवड्याभरात जेमतेम सरकतं, आणि सरकलं की तक्ता बदलतो. दिवसाची झोप रात्रीपेक्षा तुटपुंजी पडते. सलग 17 तास जागलेल्या माणसाची हालचाल रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. वर्षानुवर्षांच्या फिरत्या पाळीचा संबंध रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराशी आढळला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं.

[रस्ता, रात्र. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली. मोटारसायकलचा दिवा.]

22 एप्रिल 2003. एका साखर कारखान्याचा पहारेकरी, ड्युटी पहाटे 3 ते 11. मोटारसायकलवरून कामावर निघाला, आणि कारखाना सुमारे 5 किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुलं, आई.

उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, भरपाई आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केलं. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं: माणूस कामावर पोचला नव्हता. 29 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ आदेश पुन्हा कायम केला. पहाटे तीनच्या ड्युटीसाठी त्या वेळी, त्या रस्त्यावर असणं हे नोकरीशी जोडलेलंच आहे, असं न्यायालय म्हणालं. कामगार राज्य विमा कायद्यात जाण्या-येण्याच्या वाटेवरच्या अपघाताचं कलम 2010 पासून होतं. तोच अर्थ 1923 च्या भरपाई कायद्यालाही लागू केला. 21 नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही कायद्यांच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर हे थेट लिहिलेलं आहे.

हा दावा विमा योजनेत का गेला नाही? कारण फक्त साखर बनवणारा कारखाना कायद्याच्या भाषेत 'हंगामी', आणि हंगामी कारखाने त्या योजनेबाहेर आहेत. विमा योजनेत जखमीला पगाराच्या 90 टक्के मिळतात. भरपाई कायद्यात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. शेजारच्या एमआयडीसीतला फिटर आणि इथला फिटर, जखम सारखीच असली तरी घरी येणारा पैसा वेगळा. वर्षभर डिस्टिलरी किंवा सहवीजनिर्मिती चालवणाऱ्या कारखान्याच्या 'हंगामी' असण्याला आव्हान देता येतं. तो मुद्दा युनियनने आधीच तपासून ठेवावा.

[वहीवर पेन. आकडे लिहिले जाताना.]

3,26,140 आला कुठून? तेव्हा पगार कितीही जास्त असो, हिशेबाला 4,000 पर्यंतच धरत. त्याचे निम्मे 2,000. गुणिले 163.07, हा कायद्याच्या तक्त्यातला वयाच्या 47 चा गुणक. 3 जानेवारी 2020 पासून ही मर्यादा 15,000 आहे. आज 40 वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाला तर 7,500 गुणिले 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी 60 टक्के. अंगठा गेला तर त्या रकमेच्या 30 टक्के, तर्जनी मुळापासून गेली तर 14. पॅनमनचा पगार 28,000 असला तरी हिशेब 15,000 वरच थांबतो.

[बगॅसचा ढीग, धूळ, तोंडाला रुमाल.]

बगॅस म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. शिळ्या, बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाला होणारा बगॅसोसिस कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. मशीनच्या आवाजाने आलेला बहिरेपणाही आहे. फिरत्या पाळीने आलेलं काहीही त्यात नाही. ड्युटीवर हृदयविकाराचा झटका आला तर कामाच्या ताणाचा संबंध कुटुंबाने दाखवायचा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा एक दावा ताणाचा पुरावा नाही म्हणून फेटाळला. 2012 मध्ये ट्रक हजारावर किलोमीटर नेलेल्या चालकाचा मान्य केला. फरक पडला तो प्रवासाच्या नोंदींनी.

[टाइम ऑफिस: पंचिंग मशीन, हजेरीपट, लॉगबुक.]

इथेही फरक याच कागदांनी पडतो. मागच्या तीन-चार आठवड्यांचा पाळीचा तक्ता मोबाईलवर फोटो काढून ठेवा. भिंतीवरून तो दर आठवड्याला उतरतो. पंचिंगची नोंद, ओव्हरटाइम स्लिप, गेटची नोंदवही, डबल पाळीचा सुपरवायझरचा मेसेज. वाटेवर अपघात झाला असेल तर पंचनाम्यात वेळ आणि रस्ता अचूक लिहून घ्या. 'कामावर जात असताना' हे शब्द नंतर घुसवता येत नाहीत. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर 'घरी पडला' असं लिहिलं जाऊ देऊ नका. कंपनीचा माणूस सोबत असला की तेच लिहिलं जातं.

मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा व्हावी लागते. घरी येऊन हातात दिलेली रोख त्यात धरली जात नाही, तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची उचल तेवढी वजा होते. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. 1923 च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, त्याच हिशेबाने पळा. गव्हाणीवरचा, बगॅसवरचा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो आणि ठेकेदार हंगाम संपला की सापडत नाही. कायद्याने जबाबदारी मूळ मालकावरही आहे. अर्जात ठेकेदार आणि कारखाना, दोघांचीही नावं घाला.