बँकेला विचारलं कुणी?

७ जानेवारी २००९, बुधवार. सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे चेअरमन रामलिंग राजू यांचं पत्र बोर्डाकडे, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे आणि स्टॉक एक्स्चेंजकडे पोचलं आणि बाजार हादरला, कारण त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की ताळेबंदात जी ५,३६१ कोटींची बँक शिल्लक दिसतेय त्यातले ५,०४० कोटी नाहीतच. आदल्या दिवशी १७९ रुपयांवर असलेला शेअर संध्याकाळी चाळीसच्या आसपास.

सप्टेंबर २००८ च्या तिमाहीचे आकडे बघा. विक्री दाखवली २,७०० कोटी, खरी २,११२. ऑपरेटिंग नफा दाखवला ६४९ कोटी आणि खरा फक्त ६१ कोटी! म्हणजे शंभराच्या विक्रीमागे २४ रुपये सुटतात असं सांगत होते, सुटत होते जेमतेम तीन.

हे जमवायचे कसे? आधी खोटी इन्व्हॉइसेस, हजारोंनी, म्हणजे विक्री वाढली. मग त्या विक्रीचे पैसे आले असं दाखवायला खोटी बँक स्टेटमेंट्स, आणि एवढी रोकड नुसती पडून कशी म्हणून फिक्स्ड डिपॉझिटच्या खोट्या पावत्या, आणि डिपॉझिट आहे म्हटल्यावर त्याचं व्याजही आलंच, तेही खोटं, ३७६ कोटी. दर तिमाहीला भोक मोठं होत गेलं. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये घरच्याच मेटास कंपन्या विकत घ्यायचा घाट घातला (सत्यमची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, मेटास होतं). राजूंच्याच पत्राप्रमाणे, खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणायचा तो शेवटचा प्रयत्न होता. गुंतवणूकदार एवढे भडकले की काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला.

आणि कागदावर सगळं चोख होतं हो. स्वतंत्र संचालक होते, बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, ऑडिट कमिटी होती, मोठ्या नावाचे ऑडिटर होते, २००८ मध्ये तर कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा पुरस्कारसुद्धा मिळाला होता.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते एक साधं पत्र. ऑडिटरने बँकेला विचारायचं असतं, यांचे किती पैसे आहेत तुमच्याकडे, आणि उत्तर थेट ऑडिटरच्या हातात यायला हवं. अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या सेबीने, २०११ मध्ये नोंदवलं की ही पत्रं पाठवायचं आणि उत्तरं आणायचं काम ऑडिटरनी सत्यमच्याच लोकांवर सोडलं होतं. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच हातात किल्ली दिली, वर्षानुवर्षं, आणि ऑडिटरच्या सहीवर विसंबून लोकांनी आपली बचत लावली.

सरकारने बोर्ड बरखास्त केलं, एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये शेअरने बोली जिंकली. ९ एप्रिल २०१५ ला हैदराबादच्या विशेष कोर्टाने राजू आणि इतर नऊ जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्याआधीच, २०१३ मध्ये, कंपनी टेक महिंद्रात विलीन होऊन सत्यम हे नाव शेअर बाजाराच्या पाटीवरून गेलं होतं.