रोहित आले, म्हणजे तलाव बरा?

नमस्कार श्रोतेहो.

खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडीच्या तलावांवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की पेपरात फोटो येतात आणि तलाव ठणठणीत आहे, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. रोहित उथळ पाण्यातला चिखल पायांनी ढवळून बारीक जीव गाळून खातो. त्याला पोटभर मिळतं ते पाणी गढूळही असू शकतं. आणि एखाद्या वर्षी तलाव तुडुंब भरला, तर त्याला पाय टेकायला जागा उरत नाही. तो आला नाही, यात तलावाचा काय दोष?

बरं, पाण्याची एक बाटली भरून तपासली तर? दुपारच्या उन्हात शेवाळ भरपूर ऑक्सिजन सोडतं, रात्रभर तो खर्च होतो, पहाटे सगळ्यांत कमी उरतो. म्हणजे त्याच तलावाचे, त्याच दिवसाचे दोन वेगळे रिपोर्ट!

उथळ तलावात वारा तळापर्यंत पोचतो आणि गाळ उसळतो. शेतातून वाहून आलेलं स्फुरद, म्हणजे शेवाळाला पोसणारं खतातलं फॉस्फरस, याच गाळात साठलेलं असतं; बाहेरून येणं थांबलं तरी गाळ ते पुढे कित्येक वर्षं पाण्यात सोडत राहतो. तळाशी पाणवनस्पती असतील, तर त्या गाळ धरून ठेवतात, पाणी नितळ राहतं. त्या गेल्या की शेवाळ माजतं, ऊन तळाशी पोचत नाही आणि वनस्पती पुन्हा उगवत नाहीत. मग स्फुरद पूर्वीच्या पातळीवर आणूनही भागत नाही, त्याहून बरंच खाली आणावं लागतं.

म्हणून नोंद हवी वर्षानुवर्षांची. साधन साधं आहे. इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी 1865 साली पांढरी चकती दोरीनं पाण्यात सोडून ती कुठं दिसेनाशी होते, ते मोजलं. आज 20 सेंटिमीटरची चकती वापरतात. दर महिन्याला, त्याच जागी, त्याच वेळी. सोबत पाण्याची पातळीही लिहायची. शाळेतली पोरंसुद्धा हे करतील.

मागचा इतिहास मात्र गाळातच सापडतो. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची काचेसारखी कवचं थराथरांत टिकतात; कुठल्या जातीची कवचं आहेत, त्यावरून तेव्हाचं पाणी कसं होतं ते कळतं. आणि शिसे-210 या किरणोत्सारी शिशावरून साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतच्या थरांचं वय काढता येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकतात. जरूर टाका. पण जेसीबी उतरण्याआधी, न उकरलेल्या जागेतून एका उभ्या नळीत गाळ जसाच्या तसा काढून, जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचवता आला, तर बघा.