आर्किटेक्ट लोकांची संघटना नक्की करते काय?

आत्ता स्क्रीनवर दिसतोय तो फोर्टमधला डी. एन. रोड. ह्याच गर्दीत प्रॉस्पेक्ट चेंबर्स अ‍ॅनेक्स नावाची एक बिल्डिंग आहे, तिच्यासमोरून रोज हजारो लोक सीएसएमटी गाठायला पळतात आणि वर काय आहे हे कुणाच्या गावीही नसतं. वर आहे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं मुख्य ऑफिस. नाव अख्ख्या देशाचं, पण जन्म पक्का मुंबईचा.

12 मे 1917. जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आर्किटेक्चर विभागातून शिकून बाहेर पडलेली वीसेक पोरं एकत्र आली आणि त्यांनी काढली आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. अध्यक्ष कोण, तर जॉर्ज विटेट, मुंबई सरकारचे कन्सल्टिंग आर्किटेक्ट, गेटवे ऑफ इंडियावाले, आणि गेटवे तेव्हा अजून बांधून झालेलं पण नव्हतं, ते झालं 1924 ला. आता हे लक्षात घ्या की जेजेमधलं हे शिक्षण मुळात सुरू झालं ते ऑफिसांना चांगले ड्राफ्ट्समन मिळावेत म्हणून, म्हणजे साहेब डिझाइन करणार आणि आपला माणूस टेबलावर वाकून ते उतरवणार. त्याच पोरांना आता स्वतःच्या नावाने प्रॅक्टिस करायची होती. एकट्याने दार वाजवून कोण उघडणार?

मग 1922 मध्ये नाव बदललं, बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झालं, 1925 ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सशी संलग्न झाली, आणि 2 सप्टेंबर 1929 ला आजचं नाव मिळालं. बारा वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाची देशाची संस्था! मुंबईकरांना असं वाटणं तसं नवीन नाही म्हणा, की आपलं ते देशाचं.

1934 पासून त्यांचं स्वतःचं जर्नल निघायला लागलं. पण मला विचाराल तर सगळ्यात भारी काम 1937 चं. टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आपल्या एशियाटिक लायब्ररीच्या त्या पायऱ्या आहेत ना तिथे, त्यांनी आयडियल होम एक्झिबिशन भरवलं. त्या काळात मुंबईत आरसीसीचे फ्लॅट उभे राहत होते, मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाच्या बाजूची आर्ट डेको लाइन, तो सगळा तोच काळ, आणि वाड्यात नाहीतर चाळीत वाढलेल्या माणसाला प्रश्न होता की ह्या बंद दाराच्या फ्लॅटात राहायचं कसं, स्वयंपाकघर कुठे, संडास घरातच म्हणजे कसं काय. ते लोकांना समोर उभं करून दाखवलं. यातून संघटनेला गिऱ्हाईकं मिळाली का, तर मिळालीच असणार, आणि त्यात वाईट काय आहे? लोकांनी आर्किटेक्टकडे यायचं तर आधी आर्किटेक्ट कशाला लागतो ते त्यांना कळायला नको?

आता येतो 1972 चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट. पिलू मोदी, स्वतः आर्किटेक्ट आणि खासदार, त्यांचं नाव या कायद्याशी कायम जोडलं जातं. कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आलं आणि इथेच भल्याभल्यांचा घोळ होतो. कौन्सिल वेगळं, इन्स्टिट्यूट वेगळी. रजिस्ट्रेशन देणार कौन्सिल, कॉलेजांवर लक्ष ठेवणार कौन्सिल, कुणी गैरवर्तन केलं तर कारवाई कौन्सिलची. तुमच्या घराच्या सबमिशन ड्रॉइंगवर, म्हणजे मंजुरीला दिलेल्या नकाशावर, खाली कोपऱ्यात शिक्का असतो बघा, सीए, मग वर्ष, मग नंबर, तो नंबर कौन्सिलचा. इन्स्टिट्यूटची मेंबरशिप मात्र ऐच्छिक, घ्या नाहीतर नका घेऊ. गंमत अशी की त्याच कायद्यात लिहिलंय की कौन्सिलवर पाच आर्किटेक्ट इन्स्टिट्यूटच्या मेंबरांनी निवडून पाठवायचे. म्हणजे त्या वीसेक पोरांच्या मंडळाला थेट कायद्यात खुर्च्या.

आणि कायदा किती पुरतो? 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा 'आर्किटेक्ट' ह्या नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. रजिस्ट्रेशन नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येणार नाही, पण डिझाइनचं काम दुसऱ्याने करूच नये असं कायदा म्हणत नाही. मग कामाची बाजू धरायची कुणी? तिथे परत संघटनाच.

म्हणून खरी धावपळ बघायची तर मुंबईचं ऑफिस सोडा, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असल्या सेंटरमध्ये, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या स्थानिक शाखांमध्ये जा. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगैरे सोडून राज्यभर यूडीसीपीआर लागू झाली, म्हणजे बांधकामाची एकच नियमावली, पण मार्जिन म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा किती सोडायची, जिन्याचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबात, धरायचं की नाही, एकाच कलमाचा ह्या ऑफिसात एक अर्थ, त्या ऑफिसात दुसरा. एकटा आर्किटेक्ट वाद घालायला गेला की पुढच्या फाइलची त्याला भीती असते हो, उघड कुणी बोलत नाही एवढंच. तेच दहा जण सेंटरच्या लेटरहेडवर गेले की टाउन प्लॅनिंगवाले निदान बसायला सांगतात, आणि उत्तर मिळालं तर ते सगळ्या गावाला लागू होतं.

तक्रारीही आहेत. सेंटरचं लेक्चर आर्किटेक्चरवर, पण आधी अर्धा तास टाइल्स कंपनीचं प्रेझेंटेशन ऐकायचं, कारण जेवण त्यांचं. नवीन पोरं विचारतात फी भरून मिळणार काय, आणि ज्यांना खरी गरज आहे, सुरुवातीला तुटपुंज्या पगारावर रात्री-बेरात्रीपर्यंत राबणारे ज्युनियर, त्यांचा विषय अजेंड्यावर क्वचितच येतो, कारण मीटिंगला समोर बसलेले बरेचसे त्यांचे मालकच असतात. ह्यावर कुठल्या सेंटरने काही ठरवलं असेल तर खाली जरूर कळवा, पुढच्या भागात तिथेच कॅमेरा घेऊन येतो.