मठ्ठा की पत्ता?

(दृश्य : सांगलीतलं एक मंगल कार्यालय. दुसरी पंगत.)

दुपारचा दीड वाजलाय. वाढपी पोरगा आजोबांपुढं थांबतो. "आजोबा, मठ्ठा?"

"गावभागात," आजोबा सांगतात. "मारुतीच्या देवळामागं."

त्यांना ऐकू आलं 'पत्ता'.

हसू नका. दोन्ही शब्दांत 'आ' तोच, आणि स्वराला ताकद असते. तो गर्दीतूनही वाट काढतो. 'ठ', 'त' दबक्या आवाजाचे, क्षणभराचे. गलक्यात आधी बुडतात ते हेच. म्हातारी माणसं म्हणतात ना, "ऐकू येतंय रे, पण कळत नाही"? तक्रार अगदी नेमकी आहे.

(दृश्य : वर पत्रा, भिंतींना टाइल्स, खाली चकचकीत फरशी.)

हॉल धुवायला सोपा, बोलायला अवघड.

आपलं बोलणं एका पातळीत वाहत नाही. सेकंदाला साधारण चार अक्षरं, म्हणजे तेवढे उंचवटे आणि मध्ये तेवढेच खड्डे. शब्द ओळखायला कानाला हे खड्डे लागतात. भांड्यांचा, रेकॉर्डवरच्या सनईचा, पाहुण्यांचा कल्ला ते बुजवतो. त्यात हॉल घुमतो, आणि एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडतं.

१९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये हाउटगास्ट आणि स्टेनेकेन या दोघांनी हेच मोजायला घेतलं : तोंडातून निघालेले खड्डे कानापर्यंत किती शाबूत पोचतात? जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, १२५ ते ८००० हर्ट्झचे सात पट्टे, प्रत्येकात चढउताराचे १४ वेग. अशा ९८ मोजमापांतून ० ते १ मधला एकच आकडा निघतो, स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स. ०.७५ च्या वर उत्तम. ०.३० च्या खाली खाणाखुणा बऱ्या. गंमत म्हणजे हॉल बांधायच्या आधी, नकाशावरूनही तो काढता येतो. आपल्याकडं नकाशात आधी पार्किंग बघतात, असो.

"आवाज वाढवा हो!" कुणीतरी ओरडतं. स्पीकर वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. त्यापेक्षा जाड पडदे आणि छताला आवाज शोषणारे तक्ते बरे.

आणि हा आकडा धडधाकट कान धरून काढलेला. त्याच खुर्चीवर नातवाला जे पुरतं, ते आजोबांना पुरत नाही.

(दृश्य : पोरगा खाली वाकतो, कानाशी येतो.)

"मठ्ठा, आजोबा! मठ्ठा!"

"मग वाढ की लेका. पत्ता कशाला विचारत बसलास?"