नोटीस काढायची म्हणताय? आधी वही काढा

नमस्कार मंडळी. सांगलीत वकिलांच्या नोटिशी टाईप करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आधी मशीनवर खडखड करत आणि मग कॉम्प्युटरवर. मी वकील नाही हे आधीच सांगून टाकतो, पण थकलेल्या भाड्याच्या इतक्या नोटिशी हाताखालून गेल्यात की कुठली टिकंल आणि कुठली पहिल्याच तारखेला लंगडी पडंल हे टाईप करतानाच कळायला लागतं.

घरमालक येतो तोच तापलेला असतो. समजा गणपती पेठेत गाळा आहे, भाडं महिना ३,००० आणि ८ महिने थकलंय. खुर्चीत टेकायच्या आधी सुरू, "लिहा, आठ दिवसांत गाळा खाली कर नाहीतर सामान रस्त्यावर टाकतो." मी म्हणतो, बसा, चहा घ्या, वही आणलीय का? कसली वही? अहो भाड्याची! कुठल्या महिन्याचं आलं, कुठल्या महिन्याचं राहिलं, मधी दोनदा फोनवर पैसे टाकले होते ते कुठल्या महिन्यात धरले? तिथं साहेब गप होतात.

आता ते आठ दिवस. पिक्चरमधनं आलेत की कुठनं देव जाणे, पण प्रत्येकाच्या डोक्यात आठ नाहीतर पंधरा दिवस बसलेत. आपल्याकडं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला, त्याचं कलम १५ असं म्हणतं की भाडं थकलं म्हणून जागेचा कब्जा मागायचा असंल तर आधी थकबाकीची लेखी मागणी करा, आणि ती भाडेकरूला लागू झाल्यापासून ९० दिवस जाऊ द्या, त्याच्या आत दावा घालता येत नाही. लागू झाल्यापासून, म्हणजे त्याला पोचल्यापासून हं, टाईप केल्याच्या तारखेपासून नाही. हा हिशोब चुकवून गडबडीत दावा घातला की समोरचा वकील भाड्याबद्दल एक शब्द बोलत नाही, नुसत्या तारखा मोजतो.

बरं, कुलूप घालायचं, नळ तोडायचा, लाईटची वायर काढायची, हे पण लोक विचारतात, आणि अगदी सहज विचारतात. तसलं करू नका. जागेची लाईट, पाणी विनाकारण तोडायला याच कायद्यात बंदी आहे, भाडं बुडवणारा बाजूला राहतो आणि तुम्हीच आरोपी होऊन बसता.

नोटीस कशी असते? सुरुवात ठरलेली, "आमचे पक्षकार यांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून तुम्हास ही नोटीस देण्यात येते ती अशी की". पुढं सिटी सर्व्हे नंबर, मग चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ असं. मग भाडं किती, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत थकलं, एकूण किती, आणि ते अमुक मुदतीत द्या. झालं, एवढाच जीव आहे त्यात! पण मालकाला त्यात सगळं घालायचं असतं, भाडेकरूची बायको आमच्या हिला उलटं बोलली, जिन्यात चपला ठेवतात, गणपतीची वर्गणी दिली नाही. एकदा तर मी एका नोटिशीत कुत्र्याबद्दल पण टाईप केलंय. आणि आकडा फुगवू नका, थकलंय २४,००० आणि मागताय ४०,०००, तर मूळ थकबाकी राहती बाजूला आणि भांडण त्या १६,००० वर सुरू होतं.

पावतीचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण निम्म्या भानगडी तिथल्या. भाडं घेतलं की लेखी पावती देणं हे मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, पण जुन्या पेठांत सगळं तोंडी, वडलांच्या काळापासून. त्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, पेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं आणि ज्यांच्याकडं पावतीपुस्तकं होती त्यांची पण वाट लागली. एकानं माझ्या टेबलावर आणून ठेवलेलं पुस्तक अजून आठवतंय, वाळून पापडासारखं कडक झालेलं, पानं एकमेकांना चिकटलेली, सुरीनं एक पान सोडवलं तर निळी शाई सगळी पसरून नुसता डाग. वर भाडेकरू म्हणतोय पुराच्या दोन महिन्यांचं भाडं मालकांनीच सोडलं होतं, मालक म्हणतात सोडलं नव्हतं, थांबलो होतो. लिहिलेलं कुणाकडंच काही नाही.

करार पण तसाच. लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, कलम ५५ बघा, आणि तो नसंल तर अटींच्या बाबतीत भाडेकरू सांगंल ते खरं धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध करंपर्यंत. म्हणजे तुम्ही म्हणायचं ३,००० आणि त्यानं म्हणायचं १,८००, की नोटिशीतला आकडाच डळमळला. विश्रामबागेत पोरांना फ्लॅट देतात ते ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार नव्हे तर फी घेऊन दिलेली नुसती राहायची परवानगी, ते प्रकरण वेगळं, तिथं ९० दिवसांचा हा नियम नाही, करारात नोटिशीचं कलम काय लिहिलंय ते बघायचं, आणि मुदत संपून पण जो हलत नाही त्याच्याकडनं दुप्पट फी मागता येते.

भाडेकरू ऐकत असतील तर त्यांच्यासाठी. नोटीस आली म्हणजे घर गेलं असं नाही. दावा झाला तरी समन्स लागू झाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी सालीना १५ टक्के साध्या व्याजासकट कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि दावा चालू असंपर्यंत दरमहा भाडं नियमित भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावर जागा जात नाही. पण २४,००० वर्षभर तुंबले तर नुसतं व्याजच ३,६०० होतं, आणि एवढं सगळं भरून लोक मधले दोन महिने विसरतात, मग पुन्हा आमच्याच दारात. मालक मुद्दाम भाडं घेत नसंल तर बँकेतनं पाठवा, म्हणजे तुम्ही द्यायला तयार होता हे दिसतं.

आता नोटीस पोचवायची कशी. व्हॉट्सॅपवर टाकली, निळ्या टिका आल्या, झालं, असं समजू नका. सही केलेला कागद पोस्टानं जाऊ दे, किंवा त्याच्या हातात, नाहीतर घरातल्या माणसाच्या नाहीतर नोकराच्या हातात द्या, आणि तसं जमतच नसंल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवता येते. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवलंय, पण पोच मात्र मागून घ्या. नाव बघा आधी! एकानं मयत भाडेकरूच्या नावानं नोटीस धाडली होती, गाळा पोरगा चालवतोय आणि पाकिटावर वडलांचं नाव, पोस्टमननं लिहून परत पाठवली, "मयत".

पाकीट परत आलं तर वर पोस्टमनचा शेरा वाचा. "घेण्यास नकार" असंल तर घाबरू नका, बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस नाकारली तर कोर्ट सहसा ती मिळाली असंच धरतं. "पत्ता अपुरा" असंल तर मात्र पुन्हा पाठवा. आणि ते पाकीट न फोडता तसंच फाईलला लावा. आमच्याकडं एका मालकानं परत आलेलं पाकीट फोडून कागद बाहेर काढून आणला, का फोडलं विचारलं तर म्हणे आत काय लिहिलंय ते बघावं म्हणलं. अहो, सही तुमचीच आहे की खाली!

नमस्कार.