बाटलीवाले

[पडद्यावर: पहाटेचा रस्ता. गाडीच्या डिकीत थर्माकोलचे खोके, त्यांत ओळीने रिकाम्या बाटल्या. खड्डा आला की बाटल्या एकमेकींवर आपटतात.]

मे महिना. सकाळचे सहा. जळगावच्या उन्हात रानातलं काम उरकायचं तर सहा म्हणजे तसा उशीरच. अकराच्या पुढे पारा ४५ कडे सरकायला लागतो, आणि मग हातातला पेनसुद्धा चटका देतो.

गाडीत पाच माणसं आणि साठ बाटल्या. माणसं विद्यापीठाची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं हे विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईचं नाव लावणाऱ्या विद्यापीठातून शेतातलं पाणी मोजायला माणसं निघतात, हे बरंच जुळून आलंय.

त्यांच्या प्रकल्पाचं नाव कागदावर दोन ओळींचं आहे. गावांनी ते एका शब्दात बसवलं: बाटलीवाले.

नावं शेवटी पाटीवर येतीलच. इथे ओळख कामावरून. पुढच्या सीटवर नकाशा उलटा धरून बसलेला भूशास्त्राचा. (नकाशा उलटा नाही, सातपुडा समोर आहे म्हणून त्याने तो तसा फिरवलाय, असं त्याचं म्हणणं.) मागे साक्रीकडची शोधछात्रा, अहिराणी तिची घरची भाषा. तिच्या शेजारी चोपड्याचा मुलगा, घरी केळी. खिडकीपाशी रसायनशास्त्राच्या बाई, या सगळ्यांच्या मार्गदर्शक. आणि पाचवे गाडी चालवणारे नाना. कोणत्या शिवारात कोणती विहीर आटली हे प्रकल्पाच्या नोंदवहीआधी नानांना माहीत असतं.

[पडद्यावर: यावल तालुका. केळीच्या बागा, मागे सातपुड्याची निळी कड.]

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हा गाळाचा पट्टा आहे. डोंगरातून उतरलेल्या नद्यांनी हजारो वर्षं इथे गोटे, वाळू आणि माती आणून टाकली. पायथ्याशी जाड गोटे, तापीकडे येता येता बारीक माती. पायथ्याच्या त्या गोटाळ पट्ट्याला बझाडा म्हणतात. पाऊस तिथे पडतो, झिरपतो आणि खालच्या थरांतून तापीकडे सरकतो. निदान सरकायचा. रावेर आणि यावल तालुक्यांत आता जमिनीतून दर वर्षी जेवढं पाणी वर येतं तेवढं खाली जात नाही. जुन्या विहिरी तळापर्यंत कोरड्या, त्यांच्या तळातच बोअर मारलेले, आणि ते बोअरही शेकडो फूट खाली गेलेले. केळीचं कौतुक बाजारात होतं. ती कितव्या फुटावरचं पाणी पिते हे बोअरवाल्यालाच ठाऊक.

पाणी किती उरलं यावर बोलणारे पुष्कळ आहेत. हा गट विचारतो की जे उरलं ते कसं आहे.

[पडद्यावर: बागेच्या कडेला पंपघर. एक म्हातारे शेतकरी खाटेवरून उठतात.]

आबांनी पहिल्या वर्षी यांना बोअरला हात लावू दिला नव्हता.

"मागे बी आलते असेच. पाणी नेलं, सही घेतली, फोटो काढला. गेले ते गेले. पाणी चांगलं का वाईट, अजून कोणी सांगितलं नाही."

कोण आले होते ते आबांना आठवत नाही, आणि आपणही उकरून काढायला नको. पण त्या दिवशी बाईंनी नोंदवहीत एक रकाना वाढवला: 'अहवाल घरी पोचवला, तारीख'. या गटाकडे महागडी यंत्रं आहेत, तीही पुढे दिसतील. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाची वस्तू तो रकाना आहे.

आता पाणी भरणं पाहा. दिसतं तेवढं सोपं नाही. पंप सुरू केला आणि बाटली लावली, असं चालत नाही. पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी हे बोअरचं पाणी नव्हे. म्हणून दहा मिनिटं ते केळीला जाऊ द्यायचं. मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची. मग गळ्यापर्यंत भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, बूच घट्ट. सामू (पाणी आम्ल की अल्क याचं माप) आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) जागेवरच मोजायची, कारण खालून आलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वर येताच उडायला लागतो आणि सामू चढतो. संध्याकाळी प्रयोगशाळेत मोजलेला सामू हा बाटलीचा सामू, बोअरचा नाही.

मीटरवरचा आकडा हलतो, हलतो, थांबतो. आबा वाकून बघतात.

"किती आला?"

चोपड्याचा मुलगा आकडा वाचून दाखवतो, पण चांगलं-वाईट बोलत नाही. गटाचा नियम आहे: बांधावर निकाल द्यायचा नाही. एका आकड्यावर माणूस घाबरतो किंवा निर्धास्त होतो, आणि दोन्ही महागात पडतं.

तेवढ्यात घरातून काकू पाणी घेऊन येतात. तांब्या-फुलपात्र. सगळे घटाघटा पितात. भूशास्त्राचा मुलगा सहज विचारतो, "काकू, हे बोअरचंच ना?"

"नाही रे बाबा. पाहुण्यांना बोअरचं कसं द्यायचं? जारचं आहे."

पंपघरात चार इंची धार पडते आहे, आणि ओट्यावर वीस लिटरचा निळा जार.

[पडद्यावर: ठिबकची नळी. तोटीच्या तोंडावर पांढरा कडक थर. नखाने खरवडलेला.]

हा पांढरा थर जवळून बघा. खान्देशात ठिबक घरोघरी आहे, आणि हा थरही घरोघरी. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट तोटीच्या तोंडाशी उन्हाने सुकतं, त्याचा चुना होतो, छिद्र बुजतं. मग एक झाड पाण्यात आणि शेजारचं तहानलेलं. शेतकरी त्यावर अ‍ॅसिड सोडतात, बहुतेकांना ते जमतंही. बाई एवढंच बजावतात की अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. आणि मोघम ओतायचं नाही, आधी पाणी तपासायचं.

काकूंची तक्रार वेगळी. डाळ शिजत नाही. तीन शिट्ट्यांची डाळ सहा शिट्ट्या घेते. हीसुद्धा पाण्याची चाचणीच आहे, फक्त कुकरने केलेली. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, दाणा मऊ होत नाही. नोंदवहीत बाईंनी तेही लिहिलं: 'डाळ शिजत नाही'. शोधनिबंधात हे वाक्य जाणार नाही. वहीत राहील.

[पडद्यावर: साक्री तालुका. काळा कातळ, पांझरा नदीचं पात्र, जुना बंधारा.]

दोनशे किलोमीटरच्या आत जमीन पार बदलते. इथे गाळ नाही, बसाल्ट. त्या काळ्या कातळाला उभ्या चिरा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर चढून गोठला, त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारच्या रानात अशा काळ्या भिंती मैलोन् मैल पूर्व-पश्चिम धावतात, आणि जमिनीखालचं पाणी कुठे अडवतात, कुठे वाट करून देतात. त्यामुळे भिंतीच्या अलीकडची विहीर आणि पलीकडची विहीर हाकेच्या अंतरावर असूनही पाणी दोन तऱ्हेचं असू शकतं. इथे नमुन्यांची जागा ठरवायचं काम भूशास्त्राच्या मुलाकडे, आणि बोलायचं काम साक्रीच्या मुलीकडे.

"आप्पा, विहीर कितली खोल शे?"

"पन्नास फूट व्हई."

एवढं झालं की पुढचं आपोआप होतं. प्रमाण मराठीत विचारलं की लोक सरकारी उत्तर देतात. अहिराणीत विचारलं की विहिरीचा इतिहास निघतो: कोणत्या साली खोदली, कोणत्या दुष्काळात आटली, कोणत्या बाजूने झरा आहे.

पांझरेवर फडपद्धत कित्येक शतकं चालत आली. बंधारा, पाट, पाटाखालच्या शेतांचे गट म्हणजे फड, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. कोणत्या फडाला कधी पाणी, हे गावाने ठरवायचं, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाण्याच्या वाटणीत खान्देशाला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण वाटलेल्या पाण्यात काय विरघळलंय हा प्रश्न तेव्हा नव्हता, कारण विरघळवायला युरियाच नव्हता. आता नदीचा नमुना घ्यायचा तर धुळे शहराच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक घ्यावा लागतो.

[पडद्यावर: प्रयोगशाळा. ओळीने शंकूपात्रं. बुरेटमधून थेंब.]

इथलं काम संथ आहे आणि डोळ्यांचं आहे. ही कठीणपणाची चाचणी. पात्रात पाणी, त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या सूचकाची चिमूट. रंग डाळिंबाच्या रसासारखा. वरून ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन, थेंब थेंब. रंग जांभळट होतो, तसाच राहतो, आणि एका थेंबाला निळा पडतो. तो एक थेंब चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक नमुना तीनदा. सोडियम-पोटॅशियम ज्योतीवर, नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) अतिनील किरणांच्या यंत्रावर.

मग ताळेबंद. पाण्यात धन आयन आणि ऋण आयन, म्हणजे धन आणि ऋण विद्युतभाराचे कण, यांचा हिशेब सारखा लागतो, वाण्याच्या रोजमेळासारखा. जमा आणि नावे यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला की कुठेतरी चुकलंय. एकदा अख्ख्या पंधरा नमुन्यांचा मेळ बसेना. तीन दिवस शोधलं. शेवटी निघालं काय, तर एका द्रावणाच्या बाटलीवर जुनी चिठ्ठी राहिली होती. पंधराच्या पंधरा पुन्हा. बाई ओरडल्या नाहीत, चहा मागवला. मुलं म्हणतात, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आकडे आले की दोन प्रश्न विचारायचे: माणसाला चालेल का, आणि जमिनीला चालेल का. उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. जमिनीच्या बाबतीत सोडियमवर नजर. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम वाढलं की काळ्या मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. चोपण झालेली जमीन जिप्सम घालून सुधारते, पण पोत बिघडायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ सुधारायला लागतो.

माणसाच्या बाबतीत नायट्रेट. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे धोका सगळ्यांत जास्त तान्ह्या बाळांना, वरच्या दुधात हे पाणी मिसळलं तर. रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते, बाळ निळं पडायला लागतं. आणि इथे एक गैरसमज घरोघरी आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं.

[पडद्यावर: दिवाळीनंतरचं यावल. हिरवा बांध. चोपड्याचा मुलगा वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडतोय, आबा शेजारी.]

दिवाळीनंतर पुन्हा तेच बोअर, कारण पावसाआधीचं आणि पावसानंतरचं पाणी एक नसतं. या वेळी हातात नुसत्या बाटल्या नाहीत, अहवालही आहे. एक पान, मराठीत. आबा ते वाचत नाहीत, ऐकतात.

"समजा, आबा, पाण्यात नायट्रेट बरोब्बर मर्यादेवर आहे, ४५. दीड बाय दीड मीटरवर केळी, म्हणजे हेक्टरी ४,४४४ झाडं. उन्हाळ्यात झाडाला रोज वीस लिटर धरू. झालं जवळजवळ नव्वद हजार लिटर. त्यातून रोज साधारण नऊशे ग्रॅम नत्र बागेत जातं. युरियात सांगायचं तर दोन किलो. रोज."

आबा गप्प. मग,

"म्हणजे मी टाकलेला युरिया खाली गेला, आणि मीच वीज जाळून वर आणतो?"

"बराचसा तसंच."

नत्राचं हे रूप ऋण भाराचं. काळी मातीही ऋण भाराची. त्यामुळे माती त्याला धरत नाही, जास्तीच्या पाण्याबरोबर ते मुळांखाली निसटतं. हे शास्त्र आबांना कोणी सांगितलं नाही. दोन किलो युरियाचा हिशेब पुरला. यंदा कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीला, खताची मात्रा किती कमी करायची यावर दोघांची घासाघीस सुरू होते. मुलगा म्हणतो, एकदम नको, आधी चार ओळींवर करून बघू. आबा म्हणतात, आठ. सहावर जमतं.

बाई वहीत तो रकाना भरतात. तारीख. आबांची सही.

गाडी सुरू होते तशा काकू ओट्यावरून खाली येतात. हातात तांब्या. पाणी प्यायला दिलंय असं वाटून साक्रीची मुलगी हात पुढे करते.

"पिऊ नको गं. हे जारचं आहे. बोअरचं तपासता, तसं हे तपासता येतं का? महिन्याला पैसे मोजतो आम्ही याचे."

मुलगी बाईंकडे बघते. बाई मान हलवतात. नाना इंजिन बंद करतात.

खोक्यातून एक रिकामी बाटली निघते. तीनदा विसळून, गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट. चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, वेळ. 'स्रोत' या ओळीपाशी मुलगी क्षणभर थांबते. छापलेल्या चिठ्ठीवर तीनच पर्याय आहेत: विहीर, बोअर, नदी. ती खाली हाताने चौथा लिहिते.